नृत्यसंस्थेला शाळेत-वस्तीत उपक्रम करायचाय? अनुदानाचा अर्ज वडोदऱ्यात नेमका कुठे अडतो

दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या काही नृत्यमंडळांचे अर्ज मी भरून दिले आहेत. अर्ज परत आला की मंडळी म्हणतात, ‘आमचं काम त्यांना कळलंच नाही.’ काम बघायची वेळच आलेली नसते. तपासणारा पीटीआरच्या, म्हणजे चॅरिटी कमिशनरकडच्या ट्रस्टांच्या सरकारी नोंदवहीच्या, उताऱ्यावरच थांबलेला असतो.

आधी योजना कोणती ते ठरवा. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या कला संस्कृती विकास योजनेखालच्या दोन योजनांची सर्रास गल्लत होते. रेपर्टरी अनुदान, म्हणजे गुरु-शिष्य परंपरेचं, हे मासिक मानधन असतं. गुरूला महिना 15,000 रुपये आणि शिष्याला वयाप्रमाणे 2,000 ते 10,000. त्यातून शाळाशाळांत कार्यशाळा घेण्याचा खर्च निघत नाही. पालिकेच्या शाळेत दहा दिवसांचं शिबिर, वस्तीतल्या मुलांचा कार्यक्रम, वृद्धाश्रमात सादरीकरण, असं काही करायचं असेल तर दुसरी योजना बघायची, सांस्कृतिक कार्यक्रम व निर्मिती अनुदानाची. तिची मर्यादा 5 लाख आहे. अपवाद म्हणून 20 लाखांपर्यंत जाता येतं, पण पहिल्याच अर्जात तो अपवाद आपणच आहोत असं धरू नका.

पात्रता वाचताना लोक एक ओळ गाळतात. संस्था नोंदलेली हवी आणि नोंदणीला किमान तीन वर्षं झालेली हवीत. बाईंचा क्लास पंचवीस वर्षं चालू असेल, पण ट्रस्ट दोन वर्षांपूर्वी केला असेल, तर हिशेब दोन वर्षांचाच. गुमास्ता लायसन्सवर, म्हणजे दुकानाच्या परवान्यावर, चालणारा क्लास तर इथे बसतच नाही, तो धंदा झाला. धार्मिक संस्था आणि शाळा-कॉलेजंही बाहेर. घटनेत संस्थेचा मुख्य हेतू नृत्य, संगीत, नाट्य असा स्पष्ट लिहिलेला हवा. ‘समाजोपयोगी सर्व कामे’ असं मोघम लिहून ठेवलेल्या घटना मी पाहिल्यात. वकिलाने दुसऱ्या कुठल्या तरी ट्रस्टचा मसुदा उचललेला असतो.

आता त्या पीटीआरमधला आपल्या ट्रस्टचा उतारा. निम्मे अर्ज इथेच मरतात. नोंदणी झाली त्या दिवशी मिळालेलं प्रमाणपत्र फ्रेम करून क्लासच्या भिंतीवर लावलेलं असतं, आणि लोकांना वाटतं तेच पुरतं. पुरत नाही. उताऱ्यावर आजचे विश्वस्त दिसले पाहिजेत. प्रत्यक्षात त्यावर दोन जण वारलेले, एक सुनेकडे अमेरिकेत, आणि अर्जावर सही करणाऱ्या अध्यक्षांचं नावच नाही. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत फेरफार अहवाल द्यावा लागतो. तो दिलेला नसतो, कारण ‘घरचाच ट्रस्ट, कोण विचारतंय!’ उशीर झाला असेल तर उशिराचं कारण लिहून, ठराव, मृत्यूचा दाखला, नव्या विश्वस्ताची संमती आणि सोगंदनामं (शपथपत्र) जोडून अहवाल आजच टाका. मंजुरीला किती महिने लागतील ते चॅरिटीतला टेबलवालाही सांगत नाही, आणि चिडून विचारलं तर अजिबातच सांगत नाही. म्हणून अनुदानाची जाहिरात येण्याची वाट पाहू नका, हे काम आधी उरका.

दर्पण क्रमांक, म्हणजे स्वयंसेवी संस्थेचा सरकारी ओळख क्रमांक, नीती आयोगाच्या पोर्टलवर फुकट मिळतो. एजंटाला पैसे देऊ नका. संस्थेचं पॅन आणि किमान तीन पदाधिकाऱ्यांचे तपशील लागतात. इथे आपल्या मराठी लोकांची खास अडचण होते. गुजरातेत आधार काढताना नावाला ‘बेन’ आणि ‘भाई’ चिकटतात. आधारवर सुनीताबेन, पॅनवर सुनीता, आणि पीटीआरवर कुणीतरी प्रेमाने सुनीताताई लिहून ठेवलेलं. यंत्राच्या लेखी या तीन बायका झाल्या. नाव आधी तिन्ही ठिकाणी एकसारखं करा.

तीन वर्षांच्या कामाचा पुरावा म्हणून लोक काय जोडतात? आरंगेत्रमच्या, म्हणजे शिष्येच्या पहिल्या जाहीर एकल नृत्याच्या, पत्रिका. वडोदऱ्यात त्यांची कमतरता नाही. पण पत्रिकेवर मुलीच्या आईवडिलांचं निमंत्रण, गुरूचं नाव आणि गांधी नगरगृह या सभागृहाचा पत्ता. ट्रस्टचं नाव कुठेच नाही! तो त्या कुटुंबाचा समारंभ ठरतो. यापुढे शाळेत साधं तासाभराचं प्रात्यक्षिक केलं तरी ट्रस्टच्या लेटरहेडवर पत्र द्या, शाळेकडून तारीख-शिक्क्यासह पोचपत्र घ्या, आणि खर्च ट्रस्टच्याच खात्यातून करा. गुरूंनी स्वतःच्या पाकिटातून दिलेले रिक्षाचे पैसे ताळेबंदात दिसत नाहीत.

पालिकेच्या प्राथमिक शाळा नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या अखत्यारीत येतात, म्हणून परवानगीही तिथलीच घ्या. मुख्याध्यापकांचा तोंडी होकार बदलीबरोबर जातो. तारखा ठरवताना नवरात्राचे नऊ दिवस आणि त्याआधीचा आठवडा सोडा, त्या काळात वडोदऱ्यात नाचणारं कुणी मोकळं नसतं. मुलांचे फोटो अहवालाला लागतातच, तर पालकांची लेखी संमती पहिल्याच दिवशी घ्या, तीही गुजरातीत. मराठी चिठ्ठीवर वस्तीतले पालक सही करतील, पण कशावर केली ते त्यांना कळणार नाही.

पैशाचं गणित नीट समजून घ्या. अनुदान खर्चाच्या जास्तीत जास्त 75 टक्के मिळतं. उपक्रमाचा खर्च 4 लाख असेल तर 3 लाखांपर्यंत. त्यातले 75 टक्के पहिल्या हप्त्यात, म्हणजे सव्वादोन लाख, आणि उरलेले 75 हजार हिशेब दिल्यावर. म्हणजे कार्यक्रम पार पडेपर्यंत पावणेदोन लाख तुमच्या गाठीला हवेत. एका मंडळाने मंजुरीचं पत्र आल्याच्या आनंदात मृदंगमवाले, लाइटवाले, बसवाले सगळे ठरवले आणि मग बाईंना बांगड्या गहाण ठेवाव्या लागल्या. अंदाजपत्रक फुगवून यातून सुटका होत नाही. फुगवलं की तुमचा 25 टक्क्यांचा वाटाही फुगतो.

एकेकाळी इथे हे सारं दरबार बघत असे. 1880 साली महाराज सयाजीरावांचं लग्न तंजावरच्या राजकन्येशी झालं आणि तिच्यामागोमाग तिथल्या नर्तकी आणि त्यांचे नृत्यगुरू, म्हणजे नट्टुवनार, बडोद्याला आले. कलावंत कारखान्यातून, म्हणजे दरबारच्या कलावंतांच्या खात्यातून, त्यांना पगार मिळे. हिशेब तेव्हाही चोख ठेवला जाई, फक्त तो नाचणारीला लिहावा लागत नसे.

हिशेबासाठी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, लागतं, नमुना 12-ए, सीएच्या सहीशिक्क्याचं. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिने, असा नियम आहे. तो वाचून लोक निवांत बसतात. बारा महिने ही शेवटची मर्यादा झाली. दुसरा हप्ता हवा असेल तर कार्यक्रम संपल्याच्या महिन्यातच कागद सीएकडे द्या. सप्टेंबर-ऑक्टोबरात गेलात तर तो तुम्हाला रिटर्नच्या गर्दीत सगळ्यांत खाली ठेवील. अनुदानाचे पैसे खात्यात पडून राहिले आणि त्यावर व्याज सुटलं, तर ते सरकारजमा करायचं असतं. अडीचशे रुपये असले तरी करा आणि चलन फाइलला लावा.