स्लॅबचा दर वेगळा, वेळेची सवलत वेगळी

नाशिकमध्ये सिडको असो की पंचवटी, घरात स्मार्ट मीटर बसलं की दोन गोष्टींची सरमिसळ हमखास होते. दुपारी वॉशिंग मशीन लावलं की युनिटं कमी मोजली जातात, असं कुणी सांगतं. कुणी शंभराच्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल महाग होईल या धास्तीत महिनाअखेरीस कूलरही लावत नाही. दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि त्यापायी लोक नको तिथे जपतात, हवं तिथे दुर्लक्ष करतात.

आधी स्लॅब, म्हणजे युनिटांनुसार बदलणारे दराचे टप्पे. नाशिकमध्ये घरगुती ग्राहकाला वीज पुरवणारी कंपनी निवडता येत नाही. महावितरणचं कनेक्शन घेतलं की महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने ठरवलेला लघुदाब घरगुती दर आपोआप लागू होतो. त्याचे टप्पे चार: 100 युनिटपर्यंत, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या पुढे. टप्पा ओलांडला तरी मागच्या युनिटांचा दर बदलत नाही, फक्त पुढची युनिटं महाग होतात. 2024-25 चे दर घेऊन 180 युनिटांचा हिशोब करू. पहिली 100 युनिटं 4.71 रुपयांनी, म्हणजे 471 रुपये. उरलेली 80 युनिटं 10.29 रुपयांनी, म्हणजे 823.20. सगळ्या 180 युनिटांवर 1.17 रुपये वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत पोचवण्याचा खर्च, तो 210.60. एकूण 1504.80. त्यावर स्थिर आकार (वापर कितीही असो, दरमहा ठरलेला), असेल तर इंधन समायोजन आकार (इंधनाच्या खर्चातल्या फरकाचा), आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. दर वेळोवेळी बदलतात, त्यामुळे आकडे आपल्या चालू बिलावरून घ्यावेत. पद्धत मात्र हीच.

यातली उडी नीट पाहा. शंभरावं युनिट वहन आकारासह 5.88 रुपयांना पडतं, एकशे एकावं 11.46 ला. म्हणून शेवटचं युनिट कोणत्या टप्प्यात पडतं, हे घरगुती बिलात सर्वांत महत्त्वाचं.

आता वेळेची सवलत, बिलावरचं टीओडी, म्हणजे टाइम ऑफ डे. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना ती जुलै 2025 पासून मिळू लागली. सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेत वापरलेल्या विजेवर सुरुवातीला युनिटमागे 80 पैसे. जुना डिजिटल मीटर फक्त एकूण युनिटं मोजतो, कोणत्या तासात किती वापर झाला हे त्याला कळत नाही. त्यामुळे तो असेपर्यंत ही सवलत नाही. आणि सवलतीने युनिटं घटत नाहीत, टप्पाही बदलत नाही.

समजा महिन्याला 40 युनिटांचा वापर रात्रीचा दिवसावर आणला. वाचले 32 रुपये. त्याच 180 युनिटांच्या घरात 10 युनिटं खरोखर कमी केली, तर वीज शुल्कासह शंभर रुपयांहून जास्त वाचतात. म्हणून आधी वापर कमी करावा, वेळेचं मग बघावं. फ्रिज चोवीस तास चालतो, त्याच्या दिवसाच्या वापरावर सवलत काहीही न करता मिळते. दुपारवर ढकलण्याजोगी कामं म्हणजे टाकीवर पाणी चढवणारी मोटर, कपडे धुणं, इस्त्री, ई-स्कूटरचं चार्जिंग. गिझरचं तसं नाही. थंडीत 15 लिटर पाणी 15 अंशांवरून 45 पर्यंत तापवायला सुमारे अर्धं युनिट लागतं, पहाटे असो वा दुपारी. तिथे खरी बचत बादलीभर पाणी कमी तापवण्यात आहे.

चूक होते ती बहुधा रीडिंगच्या तारखांत. स्लॅब महिन्याचे आहेत. घर बंद असल्याने एका महिन्याचं रीडिंग हुकलं आणि पुढे दोन महिन्यांची 250 युनिटं एकदम आली, तर पहिला टप्पा 100 नव्हे, 200 युनिटांचा धरायला हवा. तसं झालं नाही तर वरच्याच दराने नुसत्या वीज आकारात 558 रुपये जास्त जातात. बिलावर मागील आणि चालू रीडिंगच्या तारखा असतात. त्यांतलं अंतर मोजा आणि स्लॅबची विभागणी ताडून पाहा.

हिशोब जुळत नसेल तर मीटरवरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवा, बारा अंकी ग्राहक क्रमांक हाताशी घ्या आणि 1912 वर किंवा महावितरणच्या ॲपवर तक्रार नोंदवा. तक्रार क्रमांक जपून ठेवा. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येतं, आणि त्या अर्जाला हीच कागदपत्रं जोडावी लागतात.