'एव्हरीमॅन': मूकपटाआधीची चार शतकं

1913 साली अमेरिकेत 'एव्हरीमॅन'चा मूकपट निघाला, तेव्हा मूळ नाटकाला चारशेहून जास्त वर्षं झाली होती. तरी ते जुन्या ग्रंथालयातून शोधून काढायची वेळ चित्रपटवाल्यांवर आली नसणार. नाटक तेव्हा चांगलं चालत होतं, आणि ही चलती जेमतेम बारा वर्षांची होती.

पंधराव्या शतकाच्या अखेरीचं हे इंग्रजी नीतिनाट्य, म्हणजे गुण-दोषच पात्रं होऊन येतात असं नाटक. नावाचा अर्थ 'प्रत्येक माणूस', आणि तोच नायक. लेखकाचं नाव कुणाला ठाऊक नाही. 'एल्केरलाइक' या डच नाटकावरून ते आलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. संस्कृत नाटक 'प्रबोधचंद्रोदया'त विवेक आणि मोह पात्रं होऊन येतात, तसाच हा प्रकार. मृत्यू बोलावणं घेऊन येतो. नायक त्याला हजार पौंड देऊ करतो, 'आजचं पुढे ढकल' म्हणतो. मृत्यू लाच घेत नाही, मात्र कुणी सोबत येत असेल तर आण, एवढी सवलत देतो. जिवाला जीव द्यायला निघालेला मित्र, कुठे जायचंय ते कळताच मागे फिरतो. चुलतभावाच्या तर ऐन वेळी पायाच्या बोटात पेटका येतो! थैल्या-पेट्यांत कोंबलेली संपत्ती जागची हलत नाही. सत्कृत्यं तयार आहेत, पण नायकाच्या पापांनी इतकी खंगलेली की जमिनीवरून उठवत नाही.

सोळाव्या शतकातल्या ख्रिस्ती धर्मसुधारणेनंतर अशी नाटकं मागे पडली. 'एव्हरीमॅन'ला पुन्हा उभं केलं इंग्रज दिग्दर्शक विल्यम पोएल यांनी. जुलै 1901 मध्ये लंडनच्या चार्टरहाउसच्या आवारात, म्हणजे एका जुन्या मठाच्या जागेत, त्यांनी प्रयोग लावला. पुढे इंग्रज नट-दिग्दर्शक बेन ग्रीट यांनी ते हाती घेऊन 1902 मध्ये अमेरिकेत नेलं. तिथे नायकाची भूमिका एडिथ विन मॅथिसन या अभिनेत्रीने केली, हे आज वाचतानाही गंमतीचं वाटतं. लंडनचे प्रकाशक डेंट यांनी 1906 साली आपल्या स्वस्त ग्रंथमालेला याच नाटकाचं नाव दिलं. 1911 मध्ये ऑस्ट्रियन नाटककार हॉफमान्सथाल यांचं जर्मन रूपांतर 'येडरमान' दिग्दर्शक माक्स राइनहार्ट यांनी बर्लिनच्या एका सर्कशीच्या इमारतीत रंगवलं.

मुळात हे नाटक बोलण्याचं, पद्याचं. मग ते मुक्या पडद्यावर कसं पेलावं? माझ्या मते त्याची बांधणीच कामी येण्यासारखी होती. पात्राचं नाव हाच त्याचा स्वभाव, त्यामुळे पडद्यावरच्या मजकुराच्या एका पाटीत ओळख आटोपते. पेटका आल्याचं सोंग आणि जमिनीवर पडलेली सत्कृत्यं यांना तर संवाद लागतच नाहीत.

या लाटेचं एक धाकटं भावंडही पडद्यावर आलं. वॉल्टर ब्राउन यांनी त्याच धर्तीवर 'एव्हरीवूमन' लिहिलं होतं. ते 1911 मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर गाजलं, आणि 1919 मध्ये जॉर्ज मेलफर्ड यांनी त्याचा मूकपट केला. नायिका व्हायोलेट हेमिंग होती. तिच्याभोवती थिओडोर रॉबर्ट्स 'संपत्ती' आणि बीबी डॅनियल्स 'दुर्गुण' बनून वावरत होते.