१८७७ चा ठराव : फ्रान्समधील उदारमतवादी फ्रीमेसनरीची पार्श्वभूमी

फ्रीमेसनरी (थोडक्यात मेसनरी) म्हणजे ‘लॉज’ नावाच्या स्थानिक शाखांतून चालणारी, दीक्षा देऊन सभासद करून घेणारी बंधुसंघटना. तिचे आज जगभरात ढोबळमानाने दोन प्रवाह दिसतात. लंडनच्या युनायटेड ग्रँड लॉज या शिखर संस्थेला प्रमाण मानणारा पहिला प्रवाह सभासदाकडून परमेश्वरावरील श्रद्धेची अपेक्षा ठेवतो, लॉजमध्ये धर्म व राजकारण यांवरील वादचर्चा वर्ज्य मानतो आणि स्त्रियांना सभासद करून घेत नाही. स्वतःला उदारमतवादी म्हणवणारा दुसरा प्रवाह श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याच्यावर सोपवतो. या दुसऱ्या प्रवाहाचे केंद्र फ्रान्समध्ये आहे आणि तेथील सर्वांत मोठी संस्था म्हणजे पॅरिसची ‘ग्राँ ओरियाँ द फ्रान्स’. या संस्थेने सप्टेंबर १८७७ मध्ये आपल्या घटनेतून ईश्वराचा उल्लेख काढून टाकला. तेव्हापासून तिच्यावर निरीश्वरवादाचा शिक्का बसला तो आजतागायत पुसला गेलेला नाही. हा शिक्का अन्यायकारक आहे, असे त्या ठरावामागचा इतिहास पाहिल्यावर म्हणावे लागते.

फ्रान्समधील पहिली लॉज १७२० च्या दशकात, इंग्लंडमधून परागंदा झालेल्या स्टुअर्ट या पदच्युत राजघराण्याच्या पाठीराख्यांनी पॅरिसमध्ये सुरू केली. लंडनमध्ये १७२३ साली जेम्स अँडरसन यांनी संपादित केलेली फ्रीमेसनांची घटना प्रसिद्ध झाली होती आणि तिचे पहिलेच कलम दोन्ही प्रवाह आजही आपापल्या बाजूने पुढे करतात. सर्व माणसांना मान्य असेल तेवढाच धर्म सभासदाने पाळावा आणि बाकीची मते स्वतःपाशी ठेवावीत, असे ते कलम सांगते. पण मेसनरीचे मर्म जाणणारा माणूस मूढ नास्तिक होणार नाही, असेही त्याच कलमात म्हटले आहे. पोप बाराव्या क्लेमेंट यांनी १७३८ मध्ये फ्रीमेसनांना बहिष्कृत ठरवणारा आदेश काढला, मात्र पॅरिसच्या न्यायपीठाने त्याची नोंदच न केल्यामुळे तो फ्रान्समध्ये कायद्याने लागू झाला नाही. त्याचा परिणाम असा की अठराव्या शतकातील फ्रेंच लॉजमध्ये सरदार, वकील व व्यापारी यांच्या बरोबरीने कॅथलिक धर्मगुरूही बिनदिक्कत बसत. १७७३ मध्ये ग्राँ ओरियाँची स्थापना झाली तेव्हा तिचे प्रमुखपद राजघराण्यातील ड्यूक ऑफ शार्त्र यांच्याकडे होते; पुढे क्रांतीत त्यांनी ‘फिलिप एगालिते’ हे नाव घेतले आणि १७९३ मध्ये गिलोटिनखाली त्यांचा अंत झाला.

त्या काळचे वातावरण समजून घ्यायला ७ एप्रिल १७७८ चा प्रसंग पुरेसा आहे. ‘नऊ भगिनी’ या पॅरिसच्या लॉजने त्या दिवशी व्हॉल्तेअर यांना दीक्षा दिली. वयाची त्र्याऐंशी वर्षे ओलांडलेले व्हॉल्तेअर बेंजामिन फ्रँकलिन यांच्या हाताचा आधार घेत आत आले आणि त्यांच्या वयाचा मान राखून दीक्षेच्या नेहमीच्या कसोट्या वगळण्यात आल्या. त्यांचे नाव लॉजपुढे मांडणारे आबे कोर्दिए द सॅं-फिर्में हे पाद्री होते. नव्या सभासदाला बांधायचा चामड्याचा एप्रन पूर्वी एल्वेसियुस या जडवादी तत्त्वज्ञाच्या मालकीचा होता, आणि तो हाती येताच व्हॉल्तेअर यांनी त्याचे चुंबन घेतले. पाद्र्याने पुढे आणलेला, ईश्वर मानणारा पण चर्च न मानणारा वृद्ध लेखक एका जडवाद्याचा एप्रन बांधतो आणि श्रद्धेविषयी कोणीही कोणाला जाब विचारत नाही, ही रीत ठरावाच्या शंभर वर्षे आधीची आहे.

नेपोलियनच्या राजवटीत ग्राँ ओरियाँ सरकारच्या दावणीला बांधली गेली. सम्राटाचा भाऊ जोसेफ तिचा प्रमुख झाला, प्रत्यक्ष कारभार सम्राटाचे निकटचे सहकारी कांबासेरेस यांच्या हाती राहिला आणि लॉजच्या सभा राजनिष्ठेच्या भाषणांनी भरून गेल्या. पुढच्या राजवटींतही ही परवशता फारशी कमी झाली नाही. तिसऱ्या नेपोलियनने तर १८६२ मध्ये मार्शल मान्याँ यांना प्रमुख नेमले तेव्हा ते फ्रीमेसनही नव्हते. सगळ्या पदव्या त्यांना घाईघाईने देण्यात आल्या.

याच शतकातला एक धागा मुंबईशी जुळतो. १८४० च्या सुमारास मुंबईतील लॉज युरोपीयांच्याच होत्या आणि माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना तेथे प्रवेश मिळाला नाही. युरोपच्या प्रवासात पॅरिसच्या एका लॉजने त्यांना दीक्षा दिली. ते परतल्यावर १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने, भारतीयांना सभासदत्व देणारी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज मुंबईत उभी राहिली. भायखळ्याचा ‘खडा पारशी’ हा पुतळा याच माणेकजींनी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ करवून घेतला होता.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ईश्वराचे अस्तित्व आणि आत्म्याचे अमरत्व हा फ्रीमेसनरीचा पाया आहे, हे वाक्य ग्राँ ओरियाँच्या घटनेत प्रथम घातले गेले ते १८४९ साली. १८४८ च्या क्रांतीनंतर राजकीय वारे उलटे फिरू लागले असताना सरकारचा आणि समाजाचा संशय आपल्यावर नको, हा हिशेब त्यामागे असावा असे मानायला जागा आहे. १८६५ मध्ये त्याच कलमाला, विवेकस्वातंत्र्य हा प्रत्येक माणसाचा हक्क असून श्रद्धेच्या कारणावरून कोणालाही वगळले जाणार नाही, अशी पुस्ती जोडण्यात आली. एकाच कलमात आत्म्याच्या अमरत्वाची अट आणि कोणाला न वगळण्याची हमी एकत्र नांदू शकत नाहीत, हे उघड होते. दरम्यान पोप नवव्या पायस यांनी १८६४ मध्ये उदारमतवादाचा जाहीर निषेध केला होता आणि १८७० मध्ये पोपच्या अचूकतेचा सिद्धांत मान्य झाला होता. त्यामुळे प्रजासत्ताकवादी मंडळी लॉजकडे ओढली गेली. कोशकार एमील लित्रे आणि प्रजासत्ताकवादी नेते जूल फेरी यांनी जुलै १८७५ मध्ये एकाच दिवशी दीक्षा घेतली.

१८७६ च्या अधिवेशनात ते वाक्य वगळण्याची सूचना आली, पण लगेच निर्णय न घेता ती सर्व लॉजकडे मतासाठी पाठवण्यात आली. पुढच्या वर्षी अहवाल मांडण्याचे काम फ्रेदेरिक देमाँ यांच्याकडे आले. हे गृहस्थ दक्षिणेतील गार जिल्ह्यातले प्रॉटेस्टंट पाद्री होते आणि या संपूर्ण इतिहासातील ही सर्वांत बोलकी गोष्ट आहे. ज्या पंथाने फ्रान्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या धर्मछळ सोसला, त्याच्या उपदेशकाला सक्तीच्या श्रद्धावचनाचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागत नाही. ईश्वराच्या स्वरूपाचा ऊहापोह धर्मशास्त्र्यांनी करावा, चर्चनी आपापली मते मांडावीत, मेसनरीने मात्र या वादापासून दूर राहावे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. नव्या कलमात विवेकाचे संपूर्ण स्वातंत्र्य आणि मानवी एकजूट ही तत्त्वे आली. श्रद्धेमुळे कोणालाही वगळले जाणार नाही, हे वाक्य तसेच राहिले. आस्तिक सभासदाला त्यात कोठेही मज्जाव नव्हता. तरीही १८७८ मध्ये लंडनने संबंध तोडले.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र हीच संस्था आपल्या तत्त्वाला जागली नाही. जानेवारी १८८२ मध्ये पॅरिसजवळच्या ल पेक गावातील लॉजने लेखिका मारिया देरेम यांना दीक्षा दिली, तेव्हा बाकीच्या फ्रेंच मेसनरीने त्यांच्यासाठी दारे उघडली नाहीत. अखेर १८९३ मध्ये देरेम आणि जॉर्ज मार्तें यांनी स्त्री-पुरुषांची मिश्र संस्था काढली. ‘द्र्वा युमें’, म्हणजे ‘मानवी हक्क’, या नावाने ती पुढे ओळखली गेली. अ‍ॅनी बेझंट यांनी १९०२ मध्ये पॅरिसला याच संस्थेत दीक्षा घेतली आणि मिश्र मेसनरी भारतात आणली.

याहून गंभीर चूक १९०४ मध्ये उजेडात आली. ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला देशद्रोहाच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झाल्याच्या प्रकरणानंतर लष्करात प्रजासत्ताकनिष्ठ अधिकारी पुढे यावेत म्हणून युद्धमंत्री जनरल आंद्रे यांच्या कार्यालयाने ग्राँ ओरियाँमार्फत गावोगावच्या लॉजकडून अधिकाऱ्यांची गुप्त माहिती मागवली. हजारो कार्डे भरली गेली. त्यांवर ‘चर्चच्या प्रार्थनेला जातो’, ‘प्रार्थनापुस्तक घेऊन जातो’ अशा नोंदी आद्याक्षरांत केलेल्या असत आणि त्यांवरून बढत्या अडवल्या जात. ऑक्टोबरमध्ये संसदेत ही कार्डे वाचून दाखवली गेली. नोव्हेंबरमध्ये आंद्रे यांना आणि जानेवारी १९०५ मध्ये स्वतः फ्रीमेसन असलेले पंतप्रधान एमील कोंब यांना पायउतार व्हावे लागले. धर्म आणि राज्य यांची फारकत करणारा डिसेंबर १९०५ चा कायदा मात्र झालाच, आणि त्याचे पहिले कलम विवेकस्वातंत्र्याची हमी देते. ज्यांनी हे तत्त्व घटनेत लिहिले त्यांनीच माणसाच्या श्रद्धेची टेहळणी करावी, याचे समर्थन कोणत्याही राजकीय अडचणीने होऊ शकत नाही.

१९४० मध्ये हीच टेहळणी त्यांच्यावर उलटली, तीही कितीतरी निर्दयपणे. जर्मनीपुढे हार पत्करल्यावर फ्रान्समध्ये आलेल्या, नाझींशी सहकार्य करणाऱ्या व्हिशी सरकारने १३ ऑगस्टच्या कायद्याने गुप्त संघटनांवर बंदी घातली आणि सरकारी नोकरांकडून मेसन नसल्याची लेखी प्रतिज्ञा घेतली. पुढच्या वर्षी पदाधिकाऱ्यांची नावे सरकारी राजपत्रात छापून त्यांना नोकऱ्यांतून काढण्यात आले. माजी शिक्षणमंत्री जाँ झे आणि प्रतिकारचळवळीतील पिएर ब्रोसोलेत हे दोघेही मेसन होते आणि दोघांचाही १९४४ मध्ये बळी गेला. नाझींनी नेलेली लॉजची दप्तरे पुढे मॉस्कोला गेली आणि विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस परत मिळाली.

युद्धानंतर, जानेवारी १९६१ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे ग्राँ ओरियाँ आणि इतर देशांतील समविचारी संस्थांनी मिळून उदारमतवादी मेसनरीचे आंतरराष्ट्रीय संघटन उभे केले. स्त्रियांचा प्रश्न सुटायला २०१० साल उजाडले. त्या वर्षी त्यांना प्रवेश देण्याची मुभा प्रत्येक लॉजला मिळाली. रू कादे या पॅरिसच्या रस्त्यावर संस्थेचे मुख्यालय आणि सर्वांना खुले असलेले संग्रहालय आहे. सभासदसंख्या पन्नास हजारांच्या आसपास असून लंडनची मान्यता अद्याप नाही. फ्रान्समध्ये ती ‘ग्राँद लोज नास्योनाल फ्राँसेझ’ या वेगळ्या संस्थेकडे आहे.