अवोलोवो प्रीमियर होते, पंतप्रधान नव्हे

'नायजेरियाचे माजी पंतप्रधान ओबाफेमी अवोलोवो' असं कुठे वाचलं की माझा पुढच्या मजकुरावरचा विश्वासच उडतो. अवोलोवो देशाचे पंतप्रधान एक दिवसही नव्हते. १९५४ ते १९५९ या काळात ते पश्चिम विभागाचे प्रीमियर, म्हणजे देशाच्या एका विभागाच्या सरकारचे प्रमुख होते. शब्दकोशात प्रीमियरपुढे 'पंतप्रधान' दिसतं, ते उचललं जातं आणि घोळ पक्का होतो.

पंतप्रधान म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. नायजेरियात हे पद १९५७ साली लागोसमध्ये, म्हणजे तेव्हाच्या राजधानीत निर्माण झालं आणि एकाच माणसाकडे राहिलं, अबुबकर तफावा बलेवा यांच्याकडे. जानेवारी १९६६च्या लष्करी उठावात ते मारले गेले.

काही जण ही चूक सुधारायला जातात आणि 'मुख्यमंत्री' लिहितात. मला ते जास्त खटकतं, कारण ते बरोबर वाटतं. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या पदालाही इंग्रजीत प्रीमियरच म्हणत, शिवाय अवोलोवो वकील, तसे खेरही सॉलिसिटर. त्यामुळे जोडी जुळल्यासारखी दिसते. पण नायजेरियात तेव्हा विभाग तीनच होते, उत्तर, पूर्व आणि पश्चिम, आणि एकेकाचं वजन केंद्राला पेलवत नव्हतं. पश्चिमेत कोको पिकायचा. त्याची खरेदी करणारं पणन मंडळ आणि त्याची गंगाजळी विभागाच्या हाती होती. त्या बळावर अवोलोवोंनी १९५५ साली प्राथमिक शिक्षण मोफत केलं. १९५९ साली विभागाच्या राजधानीत, इबादानला, दूरचित्रवाणी केंद्र सुरू झालं. केंद्र सरकारचं लागोसमधलं त्यानंतर आलं.

खरी गंमत उत्तरेत आहे. तिथल्या सत्ताधारी पक्षाचे नेते अहमदू बेल्लो विभागाच्या राजधानीत, कडुनात, प्रीमियर म्हणूनच राहिले आणि लागोसला पाठवलं पक्षातल्या दुय्यम नेत्याला, म्हणजे बलेवांना. देशाचा पंतप्रधान पक्षात एका प्रीमियरच्या हाताखाली! 'मुख्यमंत्री' म्हटलं की हे सगळं पुसलं जातं. म्हणून मी मराठीतही 'प्रीमियर' हाच शब्द ठेवते.

अवोलोवोंनी नेमकं उलट केलं. १९५९ साली प्रीमियरपद आपले सहकारी अकिंटोला यांच्याकडे सोपवून ते केंद्राच्या निवडणुकीत उतरले आणि विरोधी पक्षनेते झाले. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत महागडी चाल हीच. १९६२ साली अकिंटोलांशी फाटलं, पक्ष दुभंगला, विभागही हातचा गेला. १९६३ साली राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. १९६६ साली लष्करी राजवटीने त्यांना सोडलं.

अवोलोवोंना कुणी वकील म्हणतं, कुणी व्यापारी; यावर भांडण नको. ते दोन्ही होते. फक्त क्रम उलटा लावू नका. शेतमालाचा व्यापार आणि मोटार वाहतूक आधी, लंडनला जाऊन वकिलीची सनद १९४६ साली. इबादानला वकिली करत असतानाच १९४९ साली त्यांनी 'नायजेरियन ट्रिब्यून' हे वृत्तपत्र काढलं. पुढे कोकोच्या पैशाचा हिशेब ज्याच्या हाती आला, त्याने शेतमालाचा बाजार आतून पाहिलेला होता.

राष्ट्राध्यक्षपदही त्यांना मिळालं नाही. १९७९ आणि १९८३ या दोन्ही वेळा शेहू शगारी जिंकले. केंद्रात अवोलोवोंनी भूषवलेलं सर्वांत मोठं पद यादवी युद्धाच्या काळातलं: लष्करी शासक जनरल गोवन यांच्या सरकारात अर्थखातं आणि कार्यकारी परिषदेचं उपाध्यक्षपद.