आयटीआय ते डिप्लोमा ते इंजिनिअरिंग: थेट दुसऱ्या वर्षाचा अर्ज नेमका अडतो कुठे

वेल्डरचा आयटीआय झालेला एक मुलगा जुलैमध्ये प्रवेश अर्ज तपासणाऱ्या आमच्या टेबलापाशी आला होता. संस्थेत पहिला, मार्क उत्तम, सोबत वडील. त्याला पहिलं वर्ष न करता डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसायचं होतं. त्याला नाही म्हणावं लागलं. वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड आहे आणि दहावीनंतर थेट दुसऱ्या वर्षाला दोन वर्षांचाच आयटीआय चालतो. फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, मशिनिस्ट चालतात. वेल्डर, कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर), मेकॅनिक डिझेल चालत नाहीत, मार्क कितीही असोत. आयटीआयला नाव घालताना ही गोष्ट त्या घरात कुणीच सांगितली नव्हती. वडील विचारत राहिले, "पण सर, पहिला आलाय ना तो?"

अशा मुलांचा रस्ता बंद होत नाही. दहावीला किमान ३५ टक्के असतील तर दहावीच्या गुणांवर डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला अर्ज करता येतो. एक वर्ष जास्त जातं, इतकंच. पण ते टेबलावर कळण्याऐवजी घरी कळलेलं बरं.

दुसरा गोंधळ नावाचा. "थेट दुसरं वर्ष" हे प्रवेश दोन आहेत. एक डिप्लोमाचं, दुसरं इंजिनिअरिंग पदवीचं. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला दोन वर्षांचा आयटीआय, बारावी सायन्स किंवा बारावी व्यावसायिक (ज्याला आपण एमसीव्हीसी म्हणतो) चालतं. हा प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालय, म्हणजे डीटीई करतं. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला मात्र आयटीआयवाल्याला आधी डिप्लोमा लागतो, खुल्या गटाला किमान ४५ टक्के आणि महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गाला ४० टक्के. ते काम राज्याच्या सीईटी सेलचं (सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष). नाव सीईटी सेल असलं तरी या प्रवेशाला सीईटी नसते, डिप्लोमाच्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते. आयटीआयवरून उडी मारून पदवीला जाता येत नाही. दरवर्षी दोनचार मुलं चुकीच्या पोर्टलवर नोंदणी करतात, पैसे भरतात आणि मग आमच्याकडे येतात. भरलेली फी परत मिळत नाही.

आयटीआयच्या ट्रेडला डिप्लोमाच्या कोणत्या शाखा चालतात, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा. मित्राला मिळाली म्हणून आपल्यालाही मिळेल, असं धरू नका.

नोंदणी, फोटो, सही, मार्क भरणं, ऑनलाइन फी हे सगळं अर्ध्या तासात होतं. खरी परीक्षा कागदांची.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नॉन क्रिमिलेअरवर, म्हणजे राखीव प्रवर्गातलं घर सधन गटात येत नाही, या प्रमाणपत्रावर. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी या सगळ्या प्रवर्गांना ते लागतं. मुलं म्हणतात, "सर, मागच्या ऑगस्टमध्ये काढलंय, अजून वर्ष कुठं झालं?" वर्ष ऑगस्टपासून मोजायचं नसतं. प्रमाणपत्रावर खाली बारीक अक्षरात वैधतेची तारीख असते आणि ती ३१ मार्चची असते. ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घ्यायचा, त्या वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत ते वैध असायला हवं. म्हणजे २०२५-२६ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६. आत्ता, हे वाचता वाचताच, घरातलं प्रमाणपत्र काढून ती ओळ वाचा. आणखी एक: केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र इथे चालत नाही. जेईईसाठी काढलेलं तेच जोडून अनेकजण येतात. राज्याच्या नमुन्यातलं वेगळं काढावं लागतं.

आता वार्षिक उत्पन्नाच्या मर्यादेचा तो ८ लाखांचा आकडा. तो तीन ठिकाणी येतो आणि तिन्ही ठिकाणी हिशेब सारखा नाही. नॉन क्रिमिलेअरसाठी आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न ८ लाखांत धरत नाहीत (आईवडिलांचं सरकारी पद कोणत्या वर्गाचं, हे मात्र बघतात). ईडब्ल्यूएससाठी (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) पगार, शेती, धंदा, सगळं धरतात. पहिल्या वर्षाच्या प्रवेशात टीएफडब्ल्यूएस म्हणून शिक्षण शुल्कमाफीच्या जागा असतात, तिथेही सगळं उत्पन्न धरतात. हा फरक माहीत नसल्यामुळे "आमचं ८ लाखांच्या वर जातं, नॉन क्रिमिलेअर मिळणार नाही" असं म्हणून शिक्षकाची किंवा बागायतदाराची मुलं अर्जच करत नाहीत. हा नियम नीट समजावून सांगायला दाखले देणाऱ्या सेतू केंद्राच्या खिडकीवर कुणाला वेळ नसतो, हेही खरं.

जात वैधतेचं, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याच्या समितीच्या प्रमाणपत्राचं, दुखणं पदवीच्या पायरीवर उठतं. बारावी सायन्सच्या मुलांना कॉलेज अकरावीपासून मागे लागून अर्ज भरायला लावतं. डिप्लोमाच्या मुलांना असं कुणी सांगत नाही. तिसऱ्या वर्षाचा निकाल लागतो, मग धावाधाव. जात पडताळणी समितीला मानीव दिनांकाच्या, म्हणजे त्या प्रवर्गासाठी सरकारने ठरवलेल्या तारखेच्या, आधीचा पुरावा हवा असतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आजोबा-पणजोबांची शाळेची नोंद शोधायची. शाळा गावाला, रजिस्टर फाटलेलं, मुख्याध्यापक बदललेले. पोर्टलची मुदत सात-आठ दिवसांची, आणि हे काम महिन्यांचं. काही वर्षी समितीकडे अर्ज केल्याच्या पावतीवर मुदत मिळाली, पण त्या भरवशावर राहू नका. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असतानाच कॉलेजचं पत्र घेऊन अर्ज टाका. वडिलांची किंवा सख्ख्या काकांची वैधता झालेली असेल तर तिची प्रत आधी जोडा, काम बरंच हलकं होतं.

नावाचा घोळ छोटा वाटतो, पण अर्ज परत पाठवतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच नाव सगळीकडे हवं. आयटीआयच्या राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव गळालेलं किंवा आडनावाचं स्पेलिंग वेगळं असतं. दुरुस्ती आयटीआयमार्फत होते आणि वेळ खाते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळात नुसतं गावाचं नाव असेल तर शाळेतून तालुका, जिल्हा लिहून घ्या. त्याच दाखल्यावर राष्ट्रीयत्वात "भारतीय" असेल तर वेगळ्या राष्ट्रीयत्व प्रमाणपत्रासाठी पळायची गरज नाही.

अर्ज भरला म्हणजे झाला, असंही नाही. कागद तपासून "निश्चित" अशी पोचपावती निघेपर्यंत तो अर्ज नसतो. त्यानंतर तात्पुरती गुणवत्ता यादी लागते आणि हरकतीसाठी मोजके दिवस मिळतात. प्रवर्ग, टक्के, नाव काही चुकलं असेल तर याच दिवसांत बोला. अंतिम यादी लागल्यावर आमचे हात बांधलेले असतात, आणि नेमकं तेव्हाच लोक रडत येतात. कॉलेजांचा पसंतीक्रम भरल्यावरही तो निश्चित करावा लागतो. पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली की जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेरीत जाता येत नाही. म्हणून ज्या कॉलेजला खरंच जायचं नाही, ते "बघू या मिळतंय का" म्हणून पहिल्या नंबरला टाकू नका. जागा मिळाल्यावर ऑनलाइन स्वीकृती आणि कॉलेजात प्रत्यक्ष हजेरी, दोन्ही मुदतीत.

त्या हजेरीला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. आयटीआय संपल्यावर तो संस्थेतच पडून असतो, किंवा मधेच अकरावीला नाव घातलेलं असतं आणि दाखला तिथे अडकलेला असतो. एका मुलीचा दाखला आणायला तिचा भाऊ मोटारसायकलने दीडशे किलोमीटर गेला, शेवटच्या दिवशी साडेचारला परत आला. खिडकी पाचला बंद होणार होती. तुम्ही तो दाखला मे महिन्यातच आणून ठेवा.