सीसीटीव्ही फुटेजचं एडिटिंगसाठी रूपांतर

सीसीटीव्हीच्या डीव्हीआर किंवा एनव्हीआरमधून (म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या मशीनमधून) काढलेली फाइल प्रीमियर, दाविंची रिझॉल्व्ह, फायनल कट असल्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये उघडेल आणि टाइमलाइनवर न अडखळता चालेल अशी करून घेणं म्हणजे हे रूपांतर. बोलताना सगळे 'फुटेज कन्व्हर्ट करणं' एवढंच म्हणतात. न्यूज चॅनलवाले, वकील, सोसायट्या, डॉक्युमेंटरी करणारे, सगळ्यांना हे काम कधी ना कधी पडतंच, आणि गडबड बहुतेक वेळा एकाच जागी होते. फाइल उघडत नाही म्हटल्यावर माणूस नेटवर सापडेल तो फुकटचा कन्व्हर्टर उचलतो, तो सगळं चित्र नव्याने दाबतो, आणि जी नंबरप्लेट मुळात जेमतेम वाचता येत होती तीही पुसट होऊन जाते. खरं तर बऱ्याचशा फाइलींमध्ये चित्राला हात लावायची गरजच नसते, फक्त वरचा डबा बदलायचा असतो.

डबा आणि आतला माल

व्हिडिओ फाइलचे दोन भाग असतात. एक कोडेक, म्हणजे चित्र कोणत्या पद्धतीने दाबून साठवलंय ते, आणि दुसरा कंटेनर, म्हणजे ते चित्र, आवाज आणि वेळेची माहिती ज्या डब्यात भरलीय तो डबा. आजच्या जवळपास सगळ्या कॅमेऱ्यांचा माल एच.२६४ (हे स्टँडर्ड २००३ चं) नाहीतर एच.२६५ (२०१३ चं) असतो, म्हणजे मोबाइलवर शूट केलेल्या व्हिडिओत असतो तोच. एडिटरला हा माल चांगला ओळखीचा आहे, अडतं ते डब्यापाशी. डीव्हीआर बनवणाऱ्या कंपन्यांनी आपापले डबे काढलेत. दाहुआच्या मशीनमधून डॅव्ह एक्स्टेन्शनची फाइल निघते, आपल्याकडे सोसायट्या आणि दुकानांत भरपूर दिसणाऱ्या सीपी प्लसच्या मशीनमधूनही बऱ्याचदा तीच निघते. हाइकव्हिजनचं जरा फसवं आहे, फाइलच्या नावापुढे एमपी४ लिहिलेलं असतं म्हणून माणूस निर्धास्त होतो, पण आत खरा एमपी४ नसून एमपेग प्रोग्रॅम स्ट्रीम असू शकतो, डीव्हीडीच्या फाइलींच्या जातीतला, आणि एडिटर सरळ 'फॉरमॅट सपोर्ट नाही' म्हणून परत पाठवतो.

फाइल कुठल्या घराण्यातली ते ओळखायची एक साधी युक्ती आहे. हेक्स व्ह्यूअर नावाचं छोटं सॉफ्टवेअर मिळतं, त्यात फाइल उघडून अगदी सुरुवातीची अक्षरं बघायची. तिथे डी-एच-ए-व्ही दिसलं तर दाहुआचं घराणं, त्यात प्रत्येक फ्रेम या चार अक्षरांनी सुरू होते आणि हीच इंग्रजी अक्षरं स्मॉल लेटरमध्ये येऊन संपते. आय-एम-के-एच दिसलं तर हाइकव्हिजन. नावापुढचं एक्स्टेन्शन कुणीही बदलू शकतं, ही अक्षरं सहसा कुणी बदलत नाही, म्हणून यांच्यावर भरवसा ठेवावा.

डबा बदलण्याच्या कामाला रीमक्सिंग म्हणतात आणि त्यासाठी सगळ्यात भरवशाचं साधन एफएफएमपेग, फाब्रिस बेलार्ड यांनी २००० साली सुरू केलेलं, फुकट आणि ओपन सोर्स. त्याला फाइल द्यायची, कोडेक 'कॉपी' कर म्हणून सांगायचं, की ते चित्राचा एक बिटही न बदलता सगळं नव्या डब्यात भरतं. त्याला डॅव्हसुद्धा वाचता येतं. तासाभराचं फुटेज बहुतेक वेळा मिनिटभराच्या आत होतं, कारण चित्र उलगडून परत दाबायचं नसतं, फक्त उचलून ठेवायचं असतं. कंपनीचे स्वतःचे प्लेअरही असतात, त्यातनं एक्सपोर्ट करता येतं, पण तो प्लेअर डबाच बदलतोय की चित्रही नव्याने दाबतोय ते तपासून घ्यावं. वेळ खूप लागला आणि फाइलचा आकार मूळपेक्षा एकदम वेगळा आला तर समजायचं की चित्र परत दाबलं गेलंय.

रीमक्स करताना अडचण येते ती आवाजाची. सीसीटीव्हीत आवाज असलाच तर तो बऱ्याचदा जी.७११ मध्ये असतो, टेलिफोनसाठी १९७२ मध्ये ठरलेलं स्टँडर्ड, सेकंदाला फक्त ८००० नमुने. एमपी४ च्या डब्यात हा आवाज बसत नाही, एफएफएमपेग एरर देऊन थांबतं आणि लोकांना वाटतं फाइलच खराब आहे. तसं नसतं. चित्र कॉपी करायचं आणि फक्त आवाज एएसीमध्ये (एमपी४ मध्ये नेहमी असतो तो आवाजाचा कोडेक) बदलायचा, किंवा एमओव्हीच्या डब्यात साधा पीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाज, करून टाकायचा, काम होतं.

डीव्हीआरमधून काढताना

रूपांतराची निम्मी लढाई इथेच जिंकली किंवा हरली जाते. पहिली गोष्ट म्हणजे वेळ. डीव्हीआरची डिस्क भरली की तो जुनं पुसून त्यावरच नवं लिहीत जातो. हिशोब करून बघा, एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिटने रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला २१.६ जीबी, चार कॅमेरे म्हणजे ८६.४ जीबी, आणि १ टीबीची डिस्क साधारण अकरा दिवसांत भरते. गाडी चोरीला गेल्यावर 'पुढच्या रविवारी मीटिंगमध्ये बघू' म्हणणाऱ्या सोसायटीचं फुटेज मीटिंगच्या आधीच गेलेलं असू शकतं, त्यामुळे आधी बॅकअप घ्या आणि बाकीची चर्चा निवांत करा.

पेनड्राइव्हचंही एक आहे. बरेचसे डीव्हीआर फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेलाच पेनड्राइव्ह ओळखतात, एनटीएफएस असला तर तो दाखवतच नाहीत (या दोन्ही डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धती), आणि फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, म्हणून फुटेज तुकड्यातुकड्यांत येतं. हे तुकडे नावातल्या तारीख-वेळेच्या क्रमाने जोडायचे, आणि जोडताना दोन तुकड्यांमध्ये सेकंद-दोन सेकंद गळाले नाहीत ना किंवा दोनदा आले नाहीत ना ते चित्रातल्या घड्याळावरून बघायचं. मेनूत मेनस्ट्रीम आणि सबस्ट्रीम असे दोन पर्याय असतील तर मेनस्ट्रीमच घ्यायचा, सबस्ट्रीम ही मोबाइलवर लाइव्ह बघण्यासाठी ठेवलेली हलकी प्रत असते. मोबाइल अ‍ॅपमधून डाउनलोड केलेली क्लिप अनेकदा हीच हलकी प्रत निघते, आणि मग ती व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पुढे पाठवली की आणखी दाबली जाते. पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

आणि डीव्हीआरमधली हार्ड डिस्क काढून थेट कॉम्प्युटरला लावू नये. बऱ्याच डीव्हीआरची डिस्कवर लिहायची पद्धत वेगळीच असते, विंडोजला ती कळत नाही, आणि 'डिस्क फॉरमॅट करायची का' असा चौकोन समोर येतो. घाईत तिथे 'हो' दाबलं गेलं तर पुढे डेटा रिकव्हरीवाल्याकडेच जावं लागतं.

चालण्याचा वेग

या सगळ्या विषयात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग हा, आणि यावरच सगळ्यात कमी बोललं जातं. काही मशीन कंटेनरशिवाय नुसता कच्चा एच.२६४ चा प्रवाह देतात. त्यात कोणती फ्रेम किती वाजताची याची खात्रीची नोंद नसते, मग वाचणारं सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाने सेकंदाला २५ फ्रेम धरतं. कॅमेरा मात्र जागा वाचवण्यासाठी १२ किंवा १५ वर लावलेला असतो. परिणाम असा की १२ चं फुटेज २५ ने चालतं आणि रस्त्यावरून साधा चालत जाणारा माणूस दुप्पट वेगाने, पळत सुटल्यासारखा दिसतो. बातमीत असं फुटेज गेलं की बघणारा म्हणतो, 'बघा कसा पळाला', आणि तो बिचारा पळालेलाच नसतो. गाडीच्या वेगाचंही तेच, अपघाताच्या प्रकरणात ताशी ४० ची गाडी ८० ची वाटू शकते. कुणाचं तरी नाव, कुणाचा तरी जामीन या एका आकड्यावर हलू शकतो, म्हणून हे तपासल्याशिवाय फाइल कुणाच्या हातात देऊ नये.

तपासायला काही लागत नाही. चित्राच्या कोपऱ्यात जे घड्याळ असतं ते बघायचं, समजा १०:१५:०० वाजलेली फ्रेम टाइमलाइनवर शोधली, मग १०:१६:०० ची शोधली, दोन्हींच्या मध्ये बरोबर ६० सेकंद यायला हवेत. २९ च्या आसपास आले तर १२ चं फुटेज २५ ने चालतंय. मग मूळ फाइल परत घ्यायची आणि वाचतानाच खरा फ्रेमरेट सांगून रीमक्स करायची.

दुसरी भानगड बदलत्या फ्रेमरेटची. कॅमेरा रात्री एक्स्पोजर वाढवतो, नेटवर्क अडखळतं, फ्रेम गळतात, आणि फाइलमध्ये फ्रेमांमधलं अंतर कमीजास्त होत राहतं. बरेच एडिटर हे सरासरी काढून चालवतात, मग दहा मिनिटांनी आवाज पुढे आणि ओठ मागे. अशा वेळी मात्र चित्र नव्याने एन्कोड करून ठराविक फ्रेमरेट करणं भाग असतं, हँडब्रेक नावाच्या फुकट कन्व्हर्टरमध्ये त्यासाठी 'कॉन्स्टंट'चा पर्याय आहे. गळालेल्या जागी आधीचीच फ्रेम परत दाखवली तरी चालेल, पण फ्रेम ब्लेंडिंग किंवा ऑप्टिकल फ्लो लावून मधल्या फ्रेम बनवू नयेत, कारण त्या कॅमेऱ्याने कधी पाहिलेल्याच नसतात.

दबलेली माणसं आणि काळे कोपरे

जुन्या अ‍ॅनालॉग पद्धतीच्या डीव्हीआरमध्ये १०८०एन नावाचं एक मोड असतं, नाव १०८० असलं तरी प्रत्यक्षात ९६०×१०८० एवढंच रेकॉर्ड होतं, रुंदी निम्मी. डीव्हीआरच्या स्क्रीनवर ते ताणून दाखवतात म्हणून कुणाला कळत नाही, पण एडिटरमध्ये टाकलं की सगळी माणसं काठीसारखी बारीक आणि रिक्षा लिफ्टसारख्या उभट दिसतात. यासाठी काही कन्व्हर्ट करायची गरज नाही, क्लिपच्या सेटिंगमध्ये पिक्सेलची रुंदी दुप्पट सांगितली की झालं. ९६०×५७६ किंवा ७०४×५७६ च्या जुन्या फुटेजलाही आकार असाच दुरुस्त करावा लागतो, आणि हलत्या वस्तूंच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसत असतील तर डीइंटरलेसही, म्हणजे एकाआड एक ओळींनी साठवलेलं चित्र एकसंध, करावं लागतं.

रात्रीच्या फुटेजमध्ये आणखी एक गोष्ट लपलेली असते. सीसीटीव्हीचं चित्र बऱ्याचदा काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते २५५ अशा पूर्ण रेंजमध्ये असतं, तर व्हिडिओची नेहमीची रेंज १६ ते २३५. सॉफ्टवेअरने चुकीची रेंज धरली की अंधारातले बारीक फरक सगळे एकाच काळ्यात बुडतात. जिन्याच्या कोपऱ्यात उभा असलेला माणूस डीव्हीआरवर दिसत होता आणि एडिटरमध्ये गायब झाला, असं झालं तर आधी ही सेटिंग बघावी, फुटेजला दोष देऊ नये.

कोपऱ्यातल्या घड्याळाबद्दल एक लक्षात ठेवा. काही फाइलींमध्ये तारीख-वेळ चित्रावर छापलेली नसते, वेगळ्या डेटाच्या रूपात असते आणि कंपनीचा प्लेअर ती वरून दाखवतो. रूपांतर केलं की घड्याळ उडून जातं. म्हणून कंपनीच्या प्लेअरमध्ये पहिली फ्रेम उघडून वेळ लिहून ठेवायची, आणि डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेच्या किती मागे-पुढे आहे तेही त्याच वहीत लिहायचं, दहा-पंधरा मिनिटांचा फरक सर्रास असतो.

एडिटिंगसाठी वेगळी प्रत

एच.२६४ आणि एच.२६५ मध्ये पूर्ण चित्र अधूनमधूनच साठवलेलं असतं (त्याला आय-फ्रेम म्हणतात), मधल्या फ्रेममध्ये आधीपेक्षा काय बदललं तेवढंच असतं. 'स्मार्ट' नावाने विकल्या जाणाऱ्या कोडेकमध्ये तर या आय-फ्रेम खूप लांब लांब जातात. मग टाइमलाइनवर मागेपुढे सरकताना कॉम्प्युटर अडखळतो. आणि रीमक्समध्ये कट आय-फ्रेमवरच नीट बसतो, म्हणून हवं त्याच्या पुढे-मागे दहा-वीस सेकंद जास्तच काढावेत.

कॉम्प्युटर अडखळत असेल तर अ‍ॅपलचं प्रोरेस (२००७) किंवा अ‍ॅव्हिडचं डीएनएक्सएचआर यांत प्रत बनवतात, त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. किंमत जागेत मोजावी लागते, प्रोरेस ४२२ ला १०८० आणि २५ फ्रेमला सेकंदाला १२२ मेगाबिट लागतात, म्हणजे तासाला जवळपास ५५ जीबी, जिथे मूळ फुटेज (वरच्या २ मेगाबिटच्या हिशोबाने) १ जीबीच्याही आतलं होतं. आणि दर्जा यात वाढत नाही, जे मुळात नव्हतं ते प्रोरेस आणून देत नाही. म्हणून लागेल तेवढ्याच भागाची प्रत करावी, नाहीतर प्रॉक्सीवर, म्हणजे एडिटपुरत्या हलक्या प्रतीवर, एडिट करून शेवटी मूळ फाइलशी जोडावं.

कोर्टात जाणारं फुटेज

इथे जालन्याचं नाव घ्यावंच लागतं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतल्या वादात उमेदवारी अर्ज वेळेनंतर घेतले का, हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ रेकॉर्डिंगवरून दाखवायचं होतं, आणि अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १४ जुलै २०२० ला सांगितलं की मूळ उपकरणच हजर केलं नसेल तर भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं, आणि त्याच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यूही द्यायची असते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा, एक बिट बदलला तरी तो बदलतो. नुसतं रीमक्स केलं, चित्र जसंच्या तसं राहिलं, तरी फाइलची हॅश वेगळी येते. म्हणून डीव्हीआरमधून निघालेली मूळ फाइल, तिचा प्लेअर आणि तिची हॅश हे आधी बाजूला ठेवायचं, त्या फोल्डरमध्ये परत काही लिहायचं नाही, आणि जे काही करायचं ते कॉपीवर.

काहीच उपाय चालला नाही, कंपनी बंद पडलीय, प्लेअर फक्त जुन्या विंडोजवर चालतो, असंही होतं. मग प्लेअरमध्ये मूळ आकारात चालवून स्क्रीन रेकॉर्ड करतात. मॉनिटरसमोर मोबाइल धरून शूटिंग करणं हा त्याच्याही खालचा पर्याय, त्यात लाटांसारख्या रेघा येतात, फ्रेमरेट जुळत नाही, वॉचमनच्या केबिनमधली ट्यूबलाइट काचेवर चमकते. तरीही डिस्क पुसली जायला तासच उरला असेल आणि हातात पेनड्राइव्ह नसेल तर मोबाइल टेकवून स्थिर धरा, ट्यूब बंद करा, आणि कोपऱ्यातलं घड्याळ फ्रेमच्या बाहेर जाऊ देऊ नका.