उलरिका (ग्रँड थेफ्ट ऑटो)

उलरिका हे ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या १९९७ मध्ये आलेल्या गुन्हेगारीविषयक व्हिडिओ गेममधील, खेळाडूला निवडता येणारे एक पात्र. स्कॉटलंडमधील डंडी शहरातल्या डीएमए डिझाइन या कंपनीने (आजची रॉकस्टार नॉर्थ) हा गेम घडवला आणि बीएमजी इंटरॲक्टिव्हने तो बाजारात आणला. संगणकावरील आवृत्तीत खेळ सुरू करण्यापूर्वी आठांतून एक पात्र निवडायचे असते. ट्रॅव्हिस, किव्हलॉव्ह, बब्बा आणि ट्रॉय हे पुरुष. उलरिका, केटी, डिव्हाइन आणि मिकी या स्त्रिया. प्लेस्टेशनच्या आवृत्तीत फक्त चार पुरुषच ठेवले गेले. त्यामुळे ज्यांनी हा गेम तिथे खेळला, त्यांना उलरिका कधी भेटलीच नाही.

निवड करताना दिसतो तो चेहरा आणि नाव. तिचे गाव कोणते, ती या धंद्यात कशी आली, तिला काय हवे आहे, यातले काहीही गेम सांगत नाही. कोणतेही पात्र घेतले तरी वेग, ताकद आणि कामगिऱ्या त्याच राहतात. लिबर्टी सिटी, सॅन अँड्रियास आणि व्हाइस सिटी ही तीन शहरे, प्रत्येकात दोन टप्पे. रस्त्याकडेचा सार्वजनिक फोन वाजतो, तो उचलला की टोळीचा म्होरक्या काम सांगतो. ठरलेले गुण जमले की टप्पा पार होतो. पहिल्या टप्प्यासाठी ते १०,००,००० लागतात. गुणांचे हे आकडे पैशाचेही काम करतात.

उलरिकाविषयी सर्वांत लक्षात राहणारी गोष्ट खेळ सुरू झाल्यावर दिसते. हा गेम थेट वरून पाहिलेला आहे. गाडी वेगात गेली की दृश्य आणखी उंचावर सरकते आणि माणसे ठिपक्यांएवढी होतात. रस्त्यावर उतरलेली आकृती मात्र पिवळा स्वेटर घातलेल्या पुरुषाची असते. निवड उलरिकाची असो वा ट्रॅव्हिसची. मराठीत हे अधिकच जाणवते, कारण आपल्या क्रियापदाला लिंग लपवता येत नाही. निवडीच्या पडद्यावर ‘ती’ आली आणि फुटपाथवरून पळाला तो ‘तो’. चेहऱ्यांच्या यादीत निम्म्या जागा स्त्रियांना देणाऱ्या गेमने त्यांच्यासाठी एवढी छोटी आकृती वेगळी काढायला हवी होती, असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते.

नावाचे मात्र या गेममध्ये खरेच काम होते. पात्राचे नाव पुसून स्वतःचे लिहिता येई, आणि त्याच जागी ठरावीक शब्द टाइप केले की चीट कोड लागू होत. एका शब्दाने पोलीस पाठलाग सोडत, दुसऱ्याने सगळी शहरे खुली होत. म्हणजे उलरिकाचा चेहरा घेऊन खेळणाराही पुष्कळदा पहिल्या मिनिटातच ‘उलरिका’ ही अक्षरे खोडून टाके. मग तिचे म्हणून उरे ते फक्त चित्र.

१९९९ च्या ‘लंडन १९६९’ या जोडगेममध्ये निवडीची पद्धत टिकली, पण नवी चार पात्रे पुरुषच होती. त्याच वर्षीच्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो २’ मध्ये निवडच उरली नाही. क्लॉड स्पीड हा एकच नायक आला. पुढे २००१ पासून मालिकेतल्या नायकांना कथा आणि भूतकाळ मिळत गेला, मात्र मुख्य भागांच्या कथेत स्त्री नायिका आली नाही. २०१३ च्या ऑनलाइन आवृत्तीत खेळाडूला स्वतःचे स्त्री पात्र बनवता येऊ लागले. डिसेंबर २०२३ मध्ये सहाव्या भागाची पहिली झलक प्रसिद्ध झाली, तिच्या केंद्रस्थानी लुसिया होती. तिला चेहरा आहे, आवाज आहे आणि रस्त्यावर चालते तेव्हाही ती लुसियाच दिसते.